नाकावरचा पदर

माझ्या माहेरी फुलं पुडीतून यायची. नाशिक रोडला सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो. सकाळी फूलवाला दाराच्या कडीला पानाची पुडी अडकवून जायचा. त्यात चार शेवंती, एखादं जास्वंद, थोड्या दूर्वा. फुलांशी माझा संबंध एवढाच. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी मखमलाबादच्या बाजूला मळ्यात राहायला आले, तर घराच्या चहूकडे फुलंच फुलं. समोर शेवंती, मागे गुलछडी, विहिरीकडे झेंडू, बांधाला मोगरा. मला पोचवायला आलेली मावशी अंगणात डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "नशीब काढलंस गं! जन्मभर सुगंधात राहशील." मी हो म्हटलं. काय करणार? मला त्या अंगणात कसलाच वास येत नव्हता. शेवंतीचा नाही, शेणाचा नाही, मावशीच्या अंगावरच्या अत्तराचाही नाही. फुलासंगे मातीस वास लागे म्हणतात. मातीला लागत असेल, मला काही लागला नाही.

माझी सर्दी कॉलेजात असताना आली आणि दोन दिवसांची पाहुणी घरमालकीण होऊन बसावी तशी बसली. आधी एक नाकपुडी बंद, मग दुसरी, मग दोन्ही. कपाळात जडपणा, गालांच्या हाडांत ठणका, घशात सतत काहीतरी उतरत राहिलेलं. मोठं दुखणं आलं की लोक भेटायला येतात. सर्दी झाली की सल्ला द्यायला येतात. ओव्याची पुरचुंडी हुंग, सुंठ उगाळून लाव, नाकात तूप सोड, दही बंद कर, न्हाणं कमी कर. एकीने तर मला सांगितलं, जास्त विचार केल्याने नाक चोंदतं. मी तिला म्हटलं, मग तुमचं नाक अगदी मोकळं असेल. ती पुन्हा आली नाही. औषधांच्या दुकानातले थेंब नाकात घातले की घटकाभर बरं वाटायचं आणि मग नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद व्हायचं. वास कधी गेला ते मला सांगता येणार नाही. दिवा विझला तर कळतं, पण संध्याकाळ कधी झाली हे कामात असलेल्या बाईला कुठे कळतं? एक दिवस बघितलं तर अंधार होता.

सासूबाईंना आमच्याकडे आत्या म्हणतात. आत्या म्हणजे सहा फुटी बाई नव्हे, पण उभी राहिली की तशी वाटायची. मळा त्याच बघत. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते आणि नवरा सातपूरच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पहाटे शेवंती तोडायला नेलं. फुलं तोडणं हे सगळं वाकण्याचं काम. मान खाली, हात झाडात, एका सरीतून दुसऱ्या सरीत. मी वाकले आणि चेहऱ्यात कुणीतरी वरवंटा फिरवावा तशी कळ आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी सरळ सरीत बसले.

"कंबर धरली का?" आत्यांनी विचारलं.

"नाही. तोंड दुखतंय."

"तोंड?" आत्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वाकल्यावर तोंड दुखतं? तोंडानं तोडती का काय फुलं?"

शेजारच्या वावरातल्या बायकासुद्धा हसल्या. मला त्या क्षणी सगळी शेवंती उपटून टाकावीशी वाटली. पण आत्यांनी तोडणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि मला ओट्यावर हार गुंफायला बसवलं. तिथे मान वाकवावी लागत नाही, सुई डोळ्यांसमोर धरता येते. बोटं माझी चपळ होती. महिन्याभरात मी आत्यांच्या बरोबरीने हार करायला लागले.

आता देवाच्या हाराचं सांगायला हवं, कारण माझं पुढचं सगळं त्या हारात अडकलेलं आहे. आमची बरीचशी फुलं सराफ बाजारातल्या फूलबाजारात जायची, पण पंचवटीतल्या एका जुन्या देवळात रोज सकाळी एक हार आमच्या घरातून जायचा. सासऱ्यांच्या आजोबांपासूनची ही रीत होती, आणि त्या हाराचा धाक घरात देवापेक्षा जास्त होता. वास घेतलेलं फूल उष्टं, आणि उष्टं देवाला चालत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. आत्या ते शब्दशः पाळायच्या. देवाचा हार करताना त्या पदर नाकावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारायच्या. पुढे दुपारी बाजारासाठी हार करतानाही ती गाठ पुष्कळदा तशीच असायची. मळ्यातलं कुठलं फूल देवाच्या वाट्याला जाईल काय ठाऊक, म्हणून त्यांनी एकही फूल कधी हातात घेऊन नाकाशी नेलं नव्हतं. वाऱ्यावर आलेला वास वेगळा, तो कोण अडवणार? पण मुद्दाम नाही.

एका सकाळी मी देवाच्या टोपलीतली फुलं निवडत होते, नाक उघडं ठेवून. आत्या ओरडल्या, "अगं पदर बांध! वास घेती का काय देवाच्या आधी?"

"मला वास येतच नाही, आत्या."

त्यांना ते खरं वाटेना. त्या आत गेल्या. चुलीवर त्यांची मिश्री भाजायला ठेवलेली होती. तंबाखू भाजून दातांना लावायची ही सवय त्यांना लहानपणापासूनची. तो तवा त्यांनी धुरासकट माझ्या नाकाखाली आणून धरला. त्या स्वतः ठसकल्या, डोळ्यांना पाणी आलं. मी शांत बसून होते. धूर दिसत होता, बाकी काही नाही. त्यांनी तवा खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा काही बघत राहिल्या की मला वाटलं, आता माहेरी निरोप जातोय. पण त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले.

"देवानंच धाडली तुला," त्या म्हणाल्या. "पदराचं काय खरं हाय का? किती बी बांधा, थोडा तरी शिरतोच आत. तुझ्यासारखं सोवळं नाक कुठं मिळायचं?"

त्या दिवसापासून देवाचा हार माझा झाला. माझ्या दोन्ही थोरल्या जावा चाळिशीच्या होत्या, वेगळ्या राहत होत्या, त्यांना हे सहन झालं नाही. पण आत्यांनी ठरवलं की ठरलं. जे नाक मला कुठेही मान मिळवून देत नव्हतं, त्याच नाकाने मला घरातला सगळ्यात मोठा मान मिळवून दिला. मीही तो घेतला. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला. नव्या सुनेला घरात पाय ठेवायला जागा लागते, मला ओट्याचा कोपरा मिळाला.

मात्र बाकीच्या दिवसाचं काय? हार सकाळी सातला निघून जायचा, आणि मग उरायचा तो जाड, ओल्या गोणपाटासारखा दिवस. जेवणात मला खारट, तिखट, आंबट, गोड एवढंच कळायचं. डोळे मिटले तर मेथी आणि पालक एकच. दूध उतू जाऊन करपलं तरी मी शेजारी उभी राहून भाकरी थापत असायची. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी जीभ वाळलेल्या चपलेसारखी. घोरणं इतकं की नवरा म्हणायचा, तिसऱ्या पाळीला कारखान्यात बरं वाटतं, मशीनचा आवाज एका सुरात तरी असतो. थकवा कसला होता ते कुणाला सांगता यायचं नाही. पूर्ण श्वास कधी घेतलाच नाही तर माणूस थकणारच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी आळशी आहे. मुलगी झाली, ती मांडीवर खेळायला लागली, बायका तिच्या टाळूला नाक लावून "अगं काय गोड वास येतो बाळाचा" म्हणायच्या, आणि मीही नाक लावायची. बायकांच्या देखत मीही "हो ना" म्हणायची.

त्या नाकाची दुसरी बाजू एका पावसाळ्यानंतर सगळ्यांना कळली. आत्या माहेरी कार्याला गेल्या होत्या. हार तयार झाला की तो ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत ठेवायचा म्हणजे ताजा राहतो. नेहमीचं गोणपाट सापडेना, म्हणून मी खोपीतलं दुसरं घेतलं, भिजवलं, हार गुंडाळला आणि नवऱ्याच्या हाती दिला. नवऱ्याला कडाक्याची सर्दी झालेली, त्यालाही काही कळलं नाही. आमच्या घरात त्या दिवशी नाकच नव्हतं. त्या गोणपाटावर फवारणीचं औषध सांडलेलं होतं. देवळात गुरुजींनी गोणपाट उलगडलं आणि गाभाऱ्याबाहेर उभी असलेली माणसंसुद्धा मागे सरली. हार परत आला. गुरुजी शांत माणूस, त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं म्हणे, "तुमच्या घरात नाक नाही का कुणाला?"

आत्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि त्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळी मी चुलीपाशी होते, तेव्हा त्या जवळ येऊन बसल्या.

"औषधाचं बी कळलं नाय तुला?"

"नाही."

"उद्या घरात आग लागली, तर?"

"धूर दिसला तर कळेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आवाजात राग होता आणि तो त्यांच्यावर नव्हता हे त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला त्यांनीच सांगितलं, हिला शहरातल्या नाकाच्या डॉक्टरकडं ने. आणि स्वतःही आमच्याबरोबर रिक्षात बसल्या.

डॉक्टरांनी माझा स्कॅन काढायला लावला. तो हाती आल्यावर त्यांनी ती काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. माझी कवटी बघून आत्यांनी "राम राम" म्हटलं. डॉक्टर पेन्सिलीने दाखवत होते. माणसाच्या चेहऱ्यात नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये रिकाम्या जागा असतात. त्यात हवा खेळते, म्हणून त्या फिल्मवर काळ्या दिसायला हव्यात. माझ्या सगळ्या पांढऱ्या होत्या. नाकात मांसाचे कोंब वाढले होते, द्राक्षाच्या मण्यांसारखे, आणि त्यांनी सगळ्या वाटा बुजवल्या होत्या. मी त्या चित्राकडे बघतच राहिले. आपल्या चेहऱ्यामागे रिकाम्या खोल्या आहेत, त्यात वारा वाहायला हवा, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरीण व्हायची माझी कधीच इच्छा नव्हती, पण त्या दिवशी मला माणसाच्या हाडांचाच अचंबा वाटला. देवाने कपाळातसुद्धा हवा ठेवली होती.

"दुर्बिणीतून ऑपरेशन करता येईल," डॉक्टर म्हणाले. "चेहऱ्यावर कुठे टाका नाही."

आत्यांनी विचारलं, "हिला वास यायला लागंल का?"

त्यांनी हे कुठल्या उत्तराच्या आशेने विचारलं, मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, श्वासाची मी खात्री देतो, वासाची नाही. कधी येतो, कधी थोडा येतो, कधी येतच नाही.

परत येताना रिक्षात मी मनात हिशोब मांडत होते. वास आला तर देवाचा हार माझ्याकडून जाणार, हे मला दिसत होतं. नाही आला तर आयुष्यभर त्या पांढऱ्या चित्रात राहायचं. आणि हे दोन्ही मनात असताना मला वास हवा होता. इतका हवा होता की मला स्वतःचीच भीती वाटली.

दसरा-दिवाळी म्हणजे फुलांचा हंगाम, त्यात कुणाला आजारी पडायला सवड नसते. दिवाळी उलटल्यावर मी दवाखान्यात गेले. ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा नाकात दोन्हीकडे पट्ट्या ठासून भरलेल्या होत्या आणि आत्या कॉटशेजारी लोखंडी स्टुलावर बसल्या होत्या. ते दोन दिवस मी नुसत्या तोंडाने श्वास घेत होते. मला त्यात काय नवीन? बाकीचे पेशंट कण्हत होते, मी सरावलेली होते.

मग डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. विहिरीतून दोर ओढावा तशी ती पट्टी येतच राहिली, येतच राहिली. एवढं सगळं माझ्या नाकात मावलं कसं, हा विचार मनात येतोय तोवर ती संपली. डॉक्टर म्हणाले, "आता तोंड मिटा आणि हळूच श्वास घ्या."

मी तोंड मिटलं. आणि हवा आत गेली.

ती नाकातून गेली, पण नाकात थांबली नाही. ती डोळ्यांच्या मागे गेली, कपाळात गेली, जिथे त्या फिल्मवर पांढरं होतं तिथे तिथे गेली. थंड होती. मला वाटलं, कुणीतरी बंद घराच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. छाती भरून आली, आणखी भरली, आणि तरी आत जागा होतीच. मी श्वास सोडला आणि पुन्हा घेतला. मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले, रडू नका, नाक चोंदेल. म्हणून मी हसायला लागले. आत्यांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मी आजही कुणाला सांगायला लागले की लोक म्हणतात, एवढं काय त्यात. ज्यांना फुकट मिळतं त्यांना असंच वाटतं. पहिल्या रात्री घरी मी झोपले ती सकाळीच उठले. जीभ ओली होती. नवरा रात्री दोनदा उठून बघून गेला म्हणे, ही आवाज का करत नाही म्हणून. माझा आवाज बदलला. माहेरी फोन केला तर आईने विचारलं, "कोण बोलतंय?" दुपारी अंगणात उभी राहून मी नुसता श्वास घ्यायची. इतकी सोपी गोष्ट, आणि ती सतत चालू होती, मी काही न करता. आजही रोज सकाळी मिठाच्या पाण्याने नाक धुताना मला त्याचं नवल वाटतं.

डॉक्टरांनी वाकायची परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता शेवंतीत गेले. सरीत उभी राहिले. वाकायला भीती वाटत होती. मग एकदम वाकले, विहिरीत उडी मारावी तशी. काही झालं नाही. चेहरा चेहऱ्याच्या जागी होता. मी एक फूल तोडलं, दुसरं तोडलं, सरीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. आत्या बांधावरून बघत होत्या.

"तोंडानं तोडती का आता बी?" त्या ओरडल्या, आणि मी वाकलेलीच हसले.

पण वास आला नाही. रोज सकाळी मी स्वयंपाकघरात हिंगाची डबी उघडायची आणि नाकाशी धरायची. काही नाही. साबण, लसूण, नवऱ्याचा कारखान्यातला शर्ट, मुलीचे केस. काही नाही. खिडक्या उघडल्या होत्या आणि बाहेर नुसती हवा होती. आत्या विचारायच्या, "आला का?" मी मान हलवायची. त्या "असू दे" म्हणायच्या आणि देवाची टोपली माझ्यापुढे सरकवायच्या. हार अजून माझाच होता. मला कशाचं बरं वाटावं आणि कशाचं वाईट, हेच समजेना.

एकदा, फक्त एकदा, अंगण झाडताना काहीतरी काळपट, कडवट नाकाला शिवून गेलं. मी झाडू धरून उभी राहिले. गेलं. आत गेले तर आत्या मिश्री भाजत होत्या. मी तव्यावर वाकून हुंगलं तर काही नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. आशेला शब्दांत बांधायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारची सकाळ. धुकं इतकं होतं की ओट्यावरून विहीर दिसत नव्हती. थंडीत गुलछडी कमी येते, पण देवाच्या हाराच्या गोंड्यापुरती आत्या कुठूनही काढायच्या. त्या मागच्या वावरात होत्या. मी ओट्यावर हार करत होते; शेवंती, मध्ये मध्ये मरवा, तुळस, आणि खाली गुलछडीचा गोंडा. हार पुरा होत आला होता. गोंडा बांधताना मला वाटलं, कुणीतरी आलंय.

मी वर बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. मागे बघितलं, कुणी नव्हतं. पण कुणीतरी होतं, अगदी जवळ, माझ्या तोंडासमोर. मी सुई खाली ठेवली. मग मला कळलं की तो वास होता. इतक्या वर्षांत वास कसा असतो हेच मी विसरले होते, म्हणून मला तो ओळखता आला नाही. मला वाटलं, माणूस आलं.

मी गोंडा उचलला आणि नाकाशी नेला. त्या वेळी मला देव आठवला नाही, आत्या आठवल्या नाहीत. गुलछडी गोड होती, थंड होती, सायीसारखी जाड होती. मी हार वर ओढला आणि त्यात तोंड घातलं. मरवा हिरवा आणि तिखट. तुळस त्याहून वेगळी, उग्र. शेवंती कडू, औषधी, जरा मातीसारखी. एवढी वर्षं मला वाटायचं तीही गोड असेल. ओला दोरासुद्धा वासाचा होता. एका हारात एवढं सगळं होतं आणि ते रोज माझ्याच बोटांतून जात होतं. मी फुलामागून फूल हुंगत गेले. एकही सोडलं नाही.

मान वर केली तर आत्या समोर उभ्या होत्या. हातात टोपली, नाकावर पदर, फक्त डोळे दिसत होते.

"आला?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. हार उष्टा झाला होता, सगळाच्या सगळा. नवरा गाडी पुसत होता, देवळात पोचवायची वेळ होत आली होती. आणि उद्यापासून ओट्याचा हा कोपरा माझा नव्हता. मला हे सगळं दिसत होतं आणि तरी गुलछडीचा वास येतच होता, तो काही थांबत नव्हता.

आत्यांनी टोपली ठेवली. हार माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा बघितला.

"उष्टा झाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग हा काय आता देवाला जायचा नाय."

त्या माझ्या शेजारी ओट्यावर बसल्या. बसून मागे हात नेला आणि नाकावरच्या पदराची गाठ सोडली. मग दोन्ही हातांनी हार उचलून त्यांनी त्यात तोंड घातलं. मी बघतच राहिले. त्यांचे खांदे वर गेले, खाली आले. पुन्हा वर गेले. लग्न होऊन आल्यापासून या मळ्यातली फुलं तोडलेली बाई, केस पांढरे झालेले, आणि फूल नाकाशी धरायची तिची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी तोंड बाहेर काढलं तेव्हा नाकाला शेवंतीची एक पाकळी चिकटली होती.

"कसा आहे?" मी विचारलं.

त्या धुक्याकडे बघत होत्या. "इतकी वर्सं देवाला देत होते," त्या म्हणाल्या, "पण काय देत होते, ते मलाच ठाव नव्हतं बघ."

नवऱ्याने गाडीचा हॉर्न वाजवला. आत्यांनी "थांब जरा!" म्हणून ओरडून सांगितलं आणि मागच्या वावरातून उरलेली फुलं आणायला निघाल्या. त्या परत आल्या तेव्हा मी सुई त्यांच्यापुढे धरली. हार आता त्यांनीच करायचा होता, मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी सुई घेतली नाही. माझ्या पदराचं टोक घेतलं, माझ्या नाकावरून फिरवलं आणि मागे इतकी घट्ट गाठ मारली की केस ओढले गेले.

"आता बांधत जा," त्या म्हणाल्या. "आता तुला नाक हाय."

मी दुसरा हार केला. पदराच्या आत माझा श्वास गरम होत होता, आणि पदराबाहेर गुलछडी होती, वितीभर अंतरावर. नुसता पदर खाली ओढला असता तरी पुरलं असतं. मी ओढला नाही. आजवर इतके हार केले, पण ते करताना मला काहीच सोडावं लागलं नव्हतं. त्या दिवशी प्रत्येक फुलाला सोडावं लागलं. बाहेर नवरा हॉर्न वाजवत होता.

हार गेला. उष्टा हार आत्यांनी स्वयंपाकघरात खिडकीच्या खिळ्याला टांगला. त्या दिवशी आम्हा दोघींना स्वयंपाकघरात फार कामं निघाली. कधी त्या पाणी प्यायला यायच्या, कधी मी विळी शोधायला. आणि दर वेळी एकीला दुसरी आधीच खिडकीशी उभी असलेली सापडायची.